नव्या पीसीवर कोणतं लिनक्स टाकावं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

जवळा बाजारसारख्या गावात नवा पीसी घ्यायचा म्हणजे बहुधा असेंबल करून घ्यायचा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस असे भाग हिंगोली, परभणी किंवा नांदेडहून येतात. दुकानदार ते जोडतो आणि शेवटी म्हणतो, "विंडोज टाकून देतो." बिलात विंडोजच्या परवान्याचे पैसे दिसत नसतील, तर ती प्रत क्रॅक केलेली आहे असंच धरून चाला. अँटीव्हायरस बंद करून चालवलेली क्रॅकची फाईल मशीनवर आणखी काय बसवते, हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्याच मशीनवर मग घरातले लोक बँकेचा पासवर्ड टाकतात. महागडा परवाना परवडत नसेल, तर कायदेशीर आणि फुकट असा पर्याय लिनक्सचा आहे. तो निवडताना काही ऐकीव समजुती आड येतात. त्या नीट तपासून घेतल्या पाहिजेत.

पहिली समजूत अशी की लिनक्स हे जुन्या, मंदावलेल्या कॉम्प्युटरसाठी असतं, नव्या मशीनवर ते टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. इतक्या दूर जायचीही गरज नाही. आपल्याच तालुक्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींच्या नोंदींचं विश्लेषण जगभर लिनक्सवर होतं. पुण्याच्या आयुका संस्थेत या कामासाठी असलेला 'सारथी' हा संगणकांचा समूहही लिनक्सवरच चालतो. तालुक्यातल्या ज्या मुलाला उद्या त्या वेधशाळेत काम करावंसं वाटेल, त्याने आजच घरच्या पीसीवर लिनक्स हाताळायला घेतलं तर ती तयारी फार मोलाची ठरेल. शिवाय खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचंच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे.

"जी डिस्ट्रो सगळ्यात प्रसिद्ध, तीच चांगली"

डिस्ट्रो म्हणजे कर्नलभोवती बाकीचं सॉफ्टवेअर जोडून केलेलं लिनक्सचं तयार रूप; उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशीच नावं. नव्या पीसीच्या बाबतीत खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

लिनक्समध्ये बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर वेगळ्या सीडीवर किंवा वेबसाइटवर नसतात, ते कर्नलमध्येच असतात. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे कर्नल दर दोन-अडीच महिन्यांनी नव्या आवृत्तीत येतं, आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या चिपची ओळख भरली जाते. म्हणजे तुमचा मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड डिस्ट्रोच्या कर्नलनंतर बाजारात आलं असेल, तर त्या डिस्ट्रोला ते ओळखता येईलच असं नाही. वायफाय दिसत नाही, आवाज येत नाही, स्क्रीन कमी रिझोल्यूशनवर अडकते, आणि आपण म्हणतो लिनक्स बेकार आहे.

एक उदाहरण घ्या. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० कार्ड मार्च २०२५ मध्ये आलं. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये ६.८ कर्नलसह निघालं होतं. या कर्नलला ते कार्ड कुठून माहीत असणार? उबुंटूवर आधारलेल्या लिनक्स मिंटच्या २२ आणि २२.१ या आवृत्त्यांतही कर्नल तेच होतं. सप्टेंबर २०२५ च्या मिंट २२.२ मध्ये ६.१४ आलं. नाव तेच, पण आतला माल वेगळा. म्हणून डिस्ट्रोचं नाव विचारण्याआधी आपले भाग केव्हा बाजारात आले ते विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. भाग वर्ष-दीड वर्षापूर्वीचे असतील, आणि आपल्याकडच्या दुकानांत बहुधा तसेच मिळतात, तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. डावीकडे खाली मेनू, पट्टीवर उघडलेल्या खिडक्या, अशी तिची मांडणी विंडोज वापरलेल्याला लगेच समजते. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. भाग अगदी ताजे असतील तर फेडोरा बघा. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि कर्नल ताजं असतं. मात्र एका आवृत्तीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी वरच्या आवृत्तीवर जावंच लागतं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. मिंट आणि उबुंटूमध्ये त्यासाठी ड्रायव्हर मॅनेजर आहे, पण सिक्युअर बूट चालू असेल तर एक जादा पायरी येते. फक्त लिनक्ससाठीच पीसी बांधत असाल तर इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स घेतलेलं बरं.

कॉलेजातल्या मुलांमध्ये आणखी एक समज पक्का आहे: शिकायचं तर काली लिनक्सच. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे. तिचे निर्मातेच सांगतात की नवशिक्याने रोजच्या वापरासाठी ती घेऊ नये. हॅकिंगची साधनं मिंटवरही टाकता येतात. आधी फाइलींच्या परवानग्या, नेटवर्क आणि कमांड समजू देत.

"लिनक्सवर मराठी नीट चालत नाही"

हे वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं, आज नाही. देवनागरीचे युनिकोड फाँट सोबत येतात. रेड हॅटने मुक्त परवान्याने दिलेला लोहित देवनागरी त्यातलाच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट मांडणी जोडली की लगेच टाइप करता येतं, आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल त्यांच्यासाठी आयबस ही टायपिंगची सोय आहे. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी निवेदनाचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत. त्यांची जाहिरात कमी झाली, याची मला खंत वाटते.

अडचण येते ती श्रीलिपीसारख्या प्रणालींत तयार केलेल्या जुन्या मजकुराची. तो युनिकोडमध्ये नसतो आणि ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेली आहेत.

यावरून उलट टोकाचा गैरसमजही दूर करायला हवा, तो म्हणजे "लिनक्सवर सगळं चालतं." नाही चालत. आडत दुकानात हिशेब टॅलीवर होत असेल तर टॅलीला विंडोज लागतं. फ्लेक्स-बॅनरवाल्याचं कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्ससाठी निघत नाही. सेतू किंवा सीएससी केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच असतं. व्हॅलोरंटसारखे खेळही चालत नाहीत. अशांनी धंद्याच्या मशीनवर परवान्याचं विंडोजच ठेवावं, हट्टाने लिनक्स टाकू नये. सातबारा काढणं, पीकविमा किंवा महाडीबीटीचा अर्ज भरणं, बारावीचा अभ्यास, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ बघणं ही कामं मात्र ब्राउझरमध्ये किंवा लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित होतात.

प्रिंटरबद्दल वेगळं सांगायला हवं. गावोगावच्या झेरॉक्स सेंटरांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं कटकटीचं आहे, कारण तो कंपनीच्या स्वतःच्या भाषेत काम करतो आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना त्या कंपनीच्याच एचपीलिप या मुक्त सॉफ्टवेअरचा चांगला आधार आहे. प्रिंटर अजून घ्यायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा.

"लिनक्सला व्हायरस लागतच नाही" हेही अर्धंच खरं. पेनड्राइव्हमधून फिरणारे विंडोजचे व्हायरस त्यावर सहसा चालत नाहीत, हा मोठा दिलासा आहे. पण बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावर ओटीपी टाकला तर कोणतीही सिस्टिम वाचवू शकत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या घटकातच कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. बहुतेक डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्याआधी तो सापडला. अपडेट वेळच्या वेळी करणं इथेही चुकत नाही. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर अपडेट यूपीएस असतानाच करा, आणि मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू ठेवा. अपडेट बिघडलं तर ते आदल्या स्थितीवर परत नेतं.

कमांड पाठ कराव्या लागतात ही भीतीही सोडून द्या. मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकणं, अपडेट, ड्रायव्हर, प्रिंटर हे सगळं माऊसने होतं. विंडोज आणि लिनक्स एकाच पीसीवर ठेवले तर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. ही बिघाडाची खूण नाही, एका सेटिंगने ते जुळतं. दोन्ही ठेवायचं असेल तर आधी विंडोज टाका, मग लिनक्स, आणि जमलं तर दोघांना वेगवेगळ्या एसएसडी द्या.

यातलं काहीही माझ्या शब्दावर मानू नका, कारण तपासायला पैसे लागत नाहीत. मिंटची फाईल तीन जीबीच्या आसपास आहे. फोनच्या रोजच्या डेटात ती बसणार नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडे उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. त्या पेनड्राइव्हवरून मिंट काहीही इन्स्टॉल न करता सुरू होतं. पीसी जोडून झाला की दुकानातच ते चालवून बघा. वायफाय, आवाज, स्क्रीन आणि प्रिंटर चारही चालले तरच उरलेले पैसे द्या. एखादा भाग चालला नाही, तर तो बदलून घेण्याची वेळ तीच आहे.