राणी व्हिक्टोरियाच्या वंशातील हिमोफिलिया : १८५३ ते २००९

ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया हिचे आठवे अपत्य, राजपुत्र लिओपोल्ड, १८५३ साली जन्मले. किरकोळ धक्क्यानेही त्याच्या सांध्यांत रक्तस्राव होई आणि त्याला अंथरुणाला खिळून राहावे लागे. हा हिमोफिलिया होता : रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाच्या कमतरतेमुळे होणारा आनुवंशिक विकार. १८८४ साली फ्रान्समधील कान येथे घसरून पडल्याचे निमित्त झाले आणि तिशीतच त्याचा मृत्यू झाला. राणीच्या पूर्वजांत असा विकार आढळत नाही. त्यामुळे जनुकातील हा बदल तिच्यापासून किंवा तिच्या वडिलांपासून सुरू झाला असावा, असे मानतात.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एकच एक्स मिळते, तेही आईकडून. ते सदोष असेल तर आजार टळत नाही. मुलीचे दुसरे एक्स बहुधा तिला सांभाळून घेते, पण ती वाहक होते. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी असते. म्हणून युरोपच्या राजघराण्यांत हा विकार लेकींच्या लग्नांतून पसरला. राणीचा मुलगा सातवा एडवर्ड निरोगी असल्याने ब्रिटिश गादीची शाखा मात्र त्यातून सुटली.

राणीच्या अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस या मुली वाहक होत्या. अ‍ॅलिसचा अडीच वर्षांचा मुलगा फ्रिट्टी १८७३ साली खिडकीतून पडून रक्तस्रावाने गेला. तिची मुलगी आयरीन प्रशियाच्या राजघराण्यात गेली; तिच्या तीन मुलांपैकी दोघांना हा आजार होता. धाकटा हाइनरिख चौथ्या वर्षीच पडण्याचे निमित्त होऊन गेला. अ‍ॅलिसचीच आणखी एक मुलगी अ‍ॅलिक्स १८९४ साली रशियाच्या दुसऱ्या निकोलसची राणी झाली. बिअ‍ॅट्रिसची मुलगी १९०६ साली स्पेनची राणी झाली. तिचे मुलगे गोन्झालो (१९३४) आणि अल्फोन्सो (१९३८) मोटार अपघातांनंतरच्या रक्तस्रावाने दगावले.

सर्वांत दूरवर परिणाम झाला तो रशियात. अ‍ॅलिक्सचा मुलगा युवराज अलेक्सेई १९०४ साली जन्मला आणि काही आठवड्यांतच त्याच्या बेंबीतून रक्त वाहू लागले. १९१२ साली होडीत उडी मारताना त्याच्या मांडीला मार बसला. पुढे स्पाला येथील मुक्कामात गाडीच्या हिसक्यांनी आत पुन्हा रक्तस्राव झाला. पाय छातीशी मुडपलेला, अंगात ताप, वेदनेने फुटणारा आक्रोश, आणि उशाशी आई. आठ वर्षांच्या त्या मुलासाठी अंतिम धार्मिक विधीही उरकले गेले होते. त्यानंतर रासपुतिन या साधूची धीर देणारी तार आली आणि मुलगा सावरला. अ‍ॅलिक्सची रासपुतिनवरची श्रद्धा दृढ झाली. प्रजेपासून आजार लपवलेला असल्याने या जवळिकीचे कारण लोकांना उमजले नाही आणि राजघराण्याची पत घसरली. १९१७च्या क्रांतीची कारणे याहून कितीतरी व्यापक होती. पण आजारी मुलाच्या आईची अगतिकताही त्या घसरणीत मिसळलेली होती. जुलै १९१८मध्ये येकातेरिनबुर्ग येथे सारे कुटुंब गोळ्या घालून मारले गेले.

आयरीनचा थोरला मुलगा वाल्डेमार १९४५ साली, युद्धाच्या धामधुमीत वेळेवर रक्त न मिळाल्याने वारला. या वंशात या आजाराने झालेला हा शेवटचा नोंदलेला मृत्यू.

आजाराचा नेमका प्रकार मात्र २००९ साली कळला. निकोलसच्या रोमानोव्ह कुटुंबाच्या अवशेषांतील डीएनएच्या तपासणीत रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकात बदल आढळला. म्हणजे हा हिमोफिलिया बी होता. ज्या घटकाअभावी ही मुले गेली, तो आज इंजेक्शनने देता येतो.