ट्रिप ३०० ची, खर्च ४३१ चा!

डिसेंबरातला रविवार, संध्याकाळचे सात. बारामतीतल्या एका पंपावर आमची क्रूझर उभी, आणि आम्ही दहा जण ड्रायव्हरकाकांभोवती कोंडाळं करून. विषय एकच : डिझेल एवढं गेलंच कसं?

प्लॅन साधा होता. सकाळी बारामतीहून भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो, जाताजाता पळसदेव, इंदापुरात जेवण आणि बारामतीला परत. गाडी ठरवली ती आपल्याकडे ठरवतात तशीच : ‘दिवसाचं भाडं २,५०० आणि डिझेल तुमचं.’ डिझेलचा हिशेब मी केला. मॅपवर अंतर आलं साधारण ११५ किलोमीटर. फोनवर विचारलं, ‘काका, अ‍ॅव्हरेज किती?’ ते म्हणाले, ‘बारा देती.’ ११५ भागिले १२ म्हणजे साडेनऊ लिटर. ९० रुपयांच्या भावानं साधारण ८६५ रुपये. भाडं मिळवून ३,३६५. बारा जणांत २८० रुपये. मी ग्रुपवर टाकलं, ‘प्रत्येकी ३००, सगळं आलं!’ वर दोन-तीन इमोजी.

संध्याकाळी मीटर बघितला तर गाडी १६८ किलोमीटर पळालेली. काकांनी अ‍ॅव्हरेज धरलं १०. म्हणजे १६.८ लिटर, १,५१२ रुपये. वर त्यांचा भत्ता ३००. एकूण ४,३१२. त्यात दोघांनी सकाळीच ‘सॉरी यार’ केलेलं, त्यामुळे जमा फक्त ३,०००. प्रत्येकाला आणखी १३१ रुपये काढायला लागले.

आमच्यातला एक बोलून गेला, ‘काकांनी डिझेल मारलं.’ काकांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, पैसे घेतले आणि गेले.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. आमच्यातली एक मैत्रीण इंदापूर तालुक्यातल्या गावातून रोज एसटीनं कॉलेजला येते. तिनं त्या दिवशी मोजून ३५० रुपये आणले होते. उरलेले तिनं भावाकडून मागवले आणि पुढचे दोन आठवडे ‘भूक नाही’ म्हणत कँटीनला आलीच नाही. आपल्याला १३१ रुपये म्हणजे एक पिझ्झासुद्धा नाही. तिच्यासाठी तो पंधरा दिवसांचा चहा-वडापाव होता. हिशेब माझा चुकला, भरला तिनं.

म्हणून हा लेख लिहायच्या आधी मी काकांना भेटायला गेले. आधी सॉरी म्हटलं. ते हसले. ‘पोरांनो, तुमचा मॅप बारामतीतनं चालू होतो. माझी गाडी माझ्या दारातनं चालू होती.’

इथेच पहिली चूक होती. काकांचं गाव बारामतीपासून १४ किलोमीटर. येणं-जाणं २८. ते डिझेलही आपल्याच खात्यात येतं. शिवाय कुंभारगावात पाण्यापर्यंत आत जाणं, पळसदेवला पाण्यातलं देऊळ बघायला वळणं, एकदा चुकलेला रस्ता आणि इंदापुरात हॉटेल शोधत मारलेल्या चकरा मिळून २५. ११५ अधिक २८ अधिक २५ : बरोब्बर १६८. काकांनी एक किलोमीटरही वाढवला नव्हता.

दुसरी चूक अ‍ॅव्हरेजची. ‘बारा देती’ हे खरंच होतं, पण मोकळ्या गाडीला, हायवेवर, एसी बंद असताना. आम्ही गाडीभर माणसं, टपावर बॅगा, एसी फुल आणि निम्मा रस्ता गावातला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत चालणारी गाडी जास्त पिते. त्यात आम्ही फोटो काढत असताना ‘काका, एसी चालू ठेवा’ म्हणून अर्धा-पाऊण तास इंजिन चालूच. उभ्या गाडीचं डिझेलसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर जाऊ शकतं आणि मीटर मात्र हलत नाही.

मग भांडण होऊ नये म्हणून काय करायचं? काकांनीच सांगितलं, ‘टाकी टू टाकी करायचं.’ निघताना पंपावर टाकी फुल करायची. हे डिझेल मालकाचं, पैसेही तोच देणार. मीटरचा फोटो काढायचा. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढं आपण जाळलं, तेवढेच पैसे आपले. कोणाच्या शब्दावर विसंबायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे किलोमीटरवर ठरवलेली गाडी. डिझेल त्यातच असतं, म्हणून सोपं वाटतं. पण बरेच जण दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. समजा, दर १८ रुपये असेल तर आम्ही १६८ फिरून ५,४०० भरले असते. म्हणजे जवळची ट्रिप असेल तर ‘डिझेल तुमचं’ परवडतं. तीनशेच्या घरातली असेल तर दोन्ही हिशेब मांडून बघायचे. फरक फार उरत नाही आणि डोक्याचा ताप वाचतो.

डिझेलचा भाव २०१७ च्या जूनपासून रोज सकाळी ६ वाजता ठरतो. त्यामुळे माझे ९० तसेच उचलू नका, निघायच्या दिवशीचा भाव घाला.

फेब्रुवारीत ज्युनिअर्सना घेऊन आम्ही पुन्हा तिकडेच गेलो. काकाही तेच. या वेळी हिशेबाची वही त्या मैत्रिणीकडे होती. तिनं १७० किलोमीटर धरले, अ‍ॅव्हरेज १०, म्हणजे १७ लिटर, १,५३० रुपये. वर दहा टक्के चुकीसाठी आणि आकडा गोल करून १,७००. भाडं आणि भत्ता मिळून ४,५००. बारा जण, प्रत्येकी ३७५, आणि पैसे दिल्याशिवाय नाव पक्कं नाही. ‘जास्त वाटतंय’ म्हणून दोघं कुरकुरले. ती म्हणाली, ‘आत्ताच वाटू दे. संध्याकाळी नको.’

संध्याकाळी टाकीत बसलं १६.६ लिटर. मीटर १७१. बिल १,४९४. उरले २०६ रुपये. तिनं पंपावरच प्रत्येकाला १७ रुपये परत पाठवले. दोन रुपये उरले ते वहीत ‘शिल्लक’ म्हणून लिहिलेत.

गाडी ठरवताना एवढं विचाराच

• गाडी कुठून निघणार? ते येणं-जाणं कोणाच्या खात्यावर?

• माणसं भरून, एसी लावून अ‍ॅव्हरेज किती?

• टोल, पार्किंग, भत्ता भाड्यात की वेगळं? भिगवण-इंदापूरच्या पुढे सोलापूरकडे जाणार असाल तर सरडेवाडीचा टोल धरा.

• नंबरप्लेट पिवळी आहे ना? पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं नेता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा वांधा होतो.

• मॅपच्या आकड्यात दीडपट धरा. उरले तर परत करता येतात. कमी पडले तर कोणाचे कमी पडतील, ते आपल्याला माहीत नसतं.