अर्धवट साब्रा विकताना

साब्रा म्हणजे काय, हे इस्रायलमधल्या कुठल्याही मुलाला विचारा. निवडुंगाचे फळ, आणि याच देशात जन्मलेला माणूस. पण साब्रा नावाची मोटारही होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. तीही साधीसुधी नव्हे, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार! नाकावर निवडुंगाचे चिन्ह. अशी एक मोडकी साब्रा आम्ही दोघा भावांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी घेतली, सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी दुरुस्त करीत आणली, आणि यंदा काम पुरे व्हायच्या आतच विकली. त्याची ही हकिगत.

आधी गाडीविषयी, कारण नातवंडे पहिल्यांदा तेच विचारतात. हैफाच्या ऑटोकार्स कंपनीचे यित्झाक शुबिन्स्की यांना अमेरिकेत खपेल अशी गाडी हवी होती. इंग्लंडच्या रिलायंट कंपनीशी त्यांचे आधीपासून काम चालूच होते. दोघांनी मिळून साब्रा तयार केली आणि १९६१ साली ती न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात मांडली. पहिल्या १०० गाड्या इंग्लंडमध्येच बनल्या, पुढच्या इस्रायलमध्ये. सगळ्या मिळून ४०० सुद्धा झाल्या नाहीत. इंजिन फोर्ड कॉन्सलचे, १७०३ सीसीचे. वरचे अंग पत्र्याचे नव्हे, फायबरग्लासचे. याच कंपनीची सुसिता गाडीही फायबरग्लासची. ती उंट खाऊन टाकतात, असा विनोद इथे अजून सांगतात. बाळांनो, उंटाने खाल्लेली सुसिता आम्ही काही पाहिली नाही हो!

फायबरग्लासला गंज चढत नाही, पण खालची चासी लोखंडाची. तिला गंज लागतोच. शिवाय फायबरग्लासला तडे जातात, ते काचेची चटई आणि रेझिन लावून भरावे लागतात. फोर्डच्या इंजिनाचे सामान इंग्लंडहून मागवता येते. पण ४०० च्या आत बनलेल्या गाडीची दाराची कडी, दिव्याची चौकट कुठून आणणार? एकेका वस्तूसाठी आम्ही वर्ष वर्ष थांबलो. तोवर मोठ्या भावाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, धाकट्याच्या गुडघ्यांनी संप केला. गाडीखाली शिरायला जमते, पण बाहेर निघायला दोन माणसे लागतात. मग ठरवले, विकायची.

दोन गिऱ्हाइके आली. एकाला सुटे भाग हवे होते. इंजिन एकाला, चाके दुसऱ्याला, असा त्याचा हिशेब. पैसे तो जास्त देत होता. दुसरी जोडी बेरशेवाची, दोघे तरुण मित्र. त्यांना गाडी पुरी करून रस्त्यावर आणायची होती, पण खिसा लहान. रात्री जेवताना घरात वाद झाला. सूनबाई म्हणाली, "पैसे सोडू नका. इतकी वर्षे तुम्हीच घातलेत ना?" तिचेही खरे होते. सगळ्या पावत्या जोडल्या तेव्हा कळले, कुणीही घेतली तरी खर्चाच्या निम्मे हाती येणे कठीण. अर्धवट कामाला बाजारात हाच भाव. तोटा व्हायचाच आहे, तर गाडी तरी शाबूत राहू दे, असे आम्ही दोघांनी ठरवले. तरुणांना होकार दिला.

पण खरे काम पुढेच होते. गाडी निम्मी शेडमध्ये उभी आणि निम्मी डब्यांत! बाबा मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. उघडलेला प्रत्येक नट नावानिशी ठेवायचा, ही शिस्त त्यांनी लावलेली. म्हणून ६२ डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. आणि सगळ्या चिठ्ठ्या मराठीत! "डावे पुढचे ब्रेक", "उजव्या दाराची बिजागरी", "हे बसत नाही, पण टाकू नये". बिचारी ती पोरे कशी वाचणार? मग तीन रविवार संध्याकाळी नातवंडे वही घेऊन बसली. आम्ही चिठ्ठी वाचायची, भाग हातात देऊन समजवायचा, त्यांनी हिब्रूत लिहायचे. बारा वर्षांच्या नातीला आता "बिजागरी" आणि "वायसर" हे शब्द पाठ आहेत. मराठीच्या वर्गात हे कुणी शिकवले नसते.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असे अर्धे काम पडले असेल, मोटार असो की शिवणयंत्र, तर चार गोष्टी सांगतो. काय आहे त्यापेक्षा काय नाही, याची यादी आधी द्यावी. विकण्यापूर्वी चासीवर ताजा रंग मारू नये, गिऱ्हाइकाला वाटते खाली गंज लपवलाय. इंजिन हाताने फिरते की जाम आहे, हे समोर फिरवून दाखवावे. "थोडेच राहिलेय" असे म्हणू नये, किती राहिले ते घेणाऱ्याला ठरवू द्यावे. आणि कागदपत्रे, चासीचा नंबर आधीच जुळवून ठेवावा.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, कुठला नट कुठला हे सांगणारा माणूस हयात असताना विकावे. तो गेल्यावर मुलांच्या हाती फक्त ६२ डबे राहतात, आणि ते भंगारवाल्याकडे जातात. आमच्या गाडीबरोबर आम्ही नातीची वही दिली, आणि दोघांचे फोन नंबरही. पहिल्याच आठवड्यात चार वेळा फोन आला. चौथ्यांदा विचारले, "डबा नंबर ४१ मधले ते न बसणारे काय आहे?" आम्ही सांगितले, ठेवा, टाकू नका.