खिशातली पत्रकं, छातीवरची पिशवी
1791 च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाचे मळे पेटले. गुलामांनी उठाव केला होता. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या एका गोऱ्या वसाहतवाल्याने पकडलेल्या बंडखोराची झडती घेतल्याची हकिगत लिहून ठेवली आहे. त्याच्या एका खिशात मानवी हक्कांवरची फ्रान्समध्ये छापलेली पत्रकं, दुसऱ्यात आग पेटवायचं सामान आणि छातीवर केस, पाला, हाडांचे तुकडे भरलेली मंतरलेली पिशवी.

मला ही नोंद विलक्षण वाटते. मानवी हक्कांचं मूळ पॅरिसच्या दिवाणखान्यांत सापडतं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे ती पत्रकं आणि आफ्रिकी परंपरेतली ती पिशवी एकाच अंगावर आहेत!

युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी जवळपास 40 टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक या एका वसाहतीतून जाई. तिथे सुमारे 5 लाख गुलाम राबत. मळ्यांवर माणसं इतक्या झपाट्याने मरत, की जन्मांनी मृत्यूंची भरपाई होत नसे. दरवर्षी आफ्रिकेतून नवी जहाजं भरून आणावी लागत. त्यामुळे उठावाच्या वेळी बहुसंख्य प्रौढ गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते. पुष्कळजण काँगोचे, त्यांतले काही तिथल्या यादवीत लढलेले. राजाने प्रजेसाठी राज्य करायचं की स्वतःसाठी, हा काँगोतला जुना वाद. सत्तेच्या मर्यादेविषयीचा विचार ही माणसं घरूनच घेऊन आली होती.

आता पॅरिसकडे पाहू. 26 ऑगस्ट 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 17 कलमं होती. पहिल्यात म्हटलं होतं, की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. शेवटच्या कलमाने मालमत्तेचा हक्क पवित्र ठरवला. मग गुलामाचं काय? माणूस म्हणून पाहिला तर पहिलं कलम त्याच्या बाजूचं. मालमत्ता म्हणून पाहिला तर सतरावं त्याच्या मालकाच्या बाजूचं. मळेमालकांना हे पक्कं ठाऊक होतं. मे 1791 मध्ये फ्रेंच संसदेने ठरवलं, की वसाहतींनी मागणी केल्याशिवाय गुलामांच्या स्थितीविषयी कायदा करायचा नाही. थोडक्यात, निर्णय मालकांवर सोपवला.

या दोन कलमांमधला निवाडा ऊसतोड करणाऱ्यांनी केला. दोन वर्षांच्या लढाईनंतर, स्पेनच्या फौजा अंगावर आल्या आणि ब्रिटनच्या हल्ल्याची भीती होती तेव्हा, फ्रेंच आयुक्त सोंतोना याला बंडखोरांच्या बंदुका आपल्या बाजूला हव्या होत्या. 29 ऑगस्ट 1793 रोजी त्याने उत्तर प्रांतातली गुलामगिरी रद्द केली. 4 फेब्रुवारी 1794 ला पॅरिसने सगळ्या वसाहतींसाठी तोच निर्णय घेतला. त्या वेळी सभागृहात सँ-दोमँगचे तीन प्रतिनिधी होते: एक गोरा, एक मिश्रवंशी, आणि जाँ-बातिस्त बेले, आफ्रिकेत जन्मलेला आणि एकेकाळी गुलाम असलेला. माझ्या मते मानवी हक्क खऱ्या अर्थाने सार्वत्रिक झाले ते त्या दिवशी. आणि ते पॅरिसने दिले नाहीत, मळ्यांवर मिळवलेल्या गोष्टीवर पॅरिसने फक्त शिक्कामोर्तब केलं.

पुढची वाट सरळ नव्हती. उठावातून पुढे आलेला सेनानी तुसाँ लुव्हर्त्यूर याच्या 1801 च्या संविधानाने गुलामगिरी कायमची संपवली खरी, पण त्यानेच मुक्त झालेल्यांना मळ्यांवरच्या सक्तीच्या कामाला जुंपलं. आपल्या तुकड्यावर आपल्यासाठी पिकवणं हे स्वातंत्र्य, असं मानणाऱ्यांना ते कसं रुचावं? नेपोलियनने 1801 च्या अखेरीस सैन्य पाठवलं, तुसाँ फ्रान्समधल्या तुरुंगात मेला, तरी 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झालं.

लवकरच देश दुभंगला आणि दक्षिणेत अध्यक्ष पेत्यों याचं प्रजासत्ताक उभं राहिलं. त्याच्या 1816 च्या संविधानातलं 44 वं कलम मला सगळ्यांत धाडसी वाटतं: आफ्रिकी किंवा अमेरिकेतल्या मूळनिवासी रक्ताचा जो कोणी इथे राहायला येईल, तो हैतीचा मानला जाईल. 1817 च्या जानेवारीत जमैकाहून सात गुलाम एक गलबत घेऊन तिथे पळून आले. मागोमाग त्यांचा मालक आला आणि त्याने आपली मालमत्ता परत मागितली. पेत्योंने त्याला 44 व्या कलमाचा दाखला दिला: ते सातजण आता हैतीचे आहेत, परत देता येणार नाहीत.