समेवर उघडणारं दार

‘महानिर्वाण’ हे नाटक, ‘चौकट राजा’ आणि ‘मुक्ता’ हे चित्रपट. या तिन्हींना संगीत देणारे आनंद मोदक बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये नोकरीला होते. जब्बार पटेलांचा यशवंतराव चव्हाणांवरचा चित्रपट 2014 साली आला, त्याचं संगीतही मोदकांचंच. यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात येतं आणि त्यांचं कऱ्हाड साताऱ्यात. याच पट्ट्यात आता मोदकांसारखंच कुणी शाळा, कुणी कारखान्यातली पाळी सांभाळून लघुपटांना, वेबमालिकांना, लग्नाच्या व्हिडिओंना संगीत देतं. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन कानाला लागतो.

एवढ्याशा वेळात हे जमतं कसं? त्याचं उत्तर मला अक्षरशः थक्क करतं.

समजा, दहा सेकंदांचा प्रसंग आहे. म्हातारी अंगणातून चालत येते आणि बरोबर दहाव्या सेकंदाला दार उघडतं. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला 25 फ्रेम धरतात, म्हणजे दार उघडतं 250 फ्रेमनंतर. आता लय ठेवा मिनिटाला 96 मात्रांची. दहा सेकंदांत मात्रा किती होतात? सोळा! त्रितालाचं एक अख्खं आवर्तन. पहिल्या फ्रेमवर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, घेतली, तर पुढची सम थेट दारावर येते.

तिथं तिहाई हवी असेल, तर पाच मात्रांचा बोल तीनदा घ्या आणि मध्ये एकेक मात्रा सोडा. पहिल्या मात्रेपासून निघालात की शेवटचा ठोका सतराव्या जागी, म्हणजेच समेवर पडतो. तिहाई ऐकताना आपल्याला सम येणार हे आधीच कळतं आणि आपण तिची वाट पाहू लागतो. दार उघडायच्या आधी प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायला याहून नेमकं साधन कुठलं? पडद्यावरचा क्षण पकडायची ही विद्या आपल्या तबलजींच्या बोटांवर चित्रपट जन्मण्याआधीपासून आहे.

दिग्दर्शकानं पुढं अर्धा सेकंद कापला तरी बिघडत नाही. लय 96 वरून साधारण 101 वर न्यायची, की सोळा मात्रा साडेनऊ सेकंदांत बसतात. हा हिशेब करायला स्टुडिओ लागत नाही, रिकामा दिवसही लागत नाही. कामावर जाताना एसटीत बसून मांडीवर ठेका धरला तरी तो होतो. रात्रीच्या दोन तासांत मग उरतं ते वाजवणं आणि ऐकणं.

त्यात मिरजही फार लांब नाही! एकेकाळी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथं तंतुवाद्यं घडवायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इथला तानपुरा जवळून पाहा. घोडीचा माथा किंचित वक्र घासलेला असतो आणि तारेखाली एक सुती दोरा सरकवलेला असतो. तार सुटली की त्या वक्रावर हलकेच घासत राहते आणि एकाच सुरातून वरचे अनेक स्वर एकामागून एक उमलतात. हीच जवारी. दोरा केसभर सरकला तरी आवाज मिटतो नाहीतर खुलतो.

रात्री काम करणाऱ्याला हा तानपुरा फार मोलाचा वाटतो, कारण त्याला सम नसते. एडिट अजून पक्कं झालेलं नसेल, प्रसंग रोज लांबत-आखडत असेल, तेव्हा तालातलं काही आधी बांधण्यात अर्थ नसतो. तिथं तानपुरा भरायचा. दिग्दर्शकानं तो कुठंही कापावा. तिहाईचं गणित फ्रेम ठरल्यावर मांडता येतं.