सात फ्रँकांचे बर्फ

लिलाव पुकारणाऱ्याने चित्र उलटे धरले आणि त्यातील हिमाच्छादित छपरांना ‘नायगाऱ्याचा धबधबा’ ठरवून टाकले, ही हकीकत वाचल्यापासून पॉल गोगँचे ‘बर्फातील ब्रेतॉन खेडे’ प्रत्यक्ष पाहण्याची उत्कंठा होती. म्हणून पॅरिसला जाणे झाले तेव्हा ओर्से संग्रहालयातील इतर दालने भराभर ओलांडून मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

गवताने शाकारलेली, बर्फाखाली दबलेली छपरे आणि त्यांच्यामागे चर्चचा निमुळता मनोरा. माणूस औषधालाही नाही. शेजारी एक विद्यार्थिनी पेन्सिलीने त्याचे रेखाटन करीत होती. बर्फ मात्र ती काढीतच नव्हती. कागद कोरा सोडून त्याच्या कडेकडेने सावल्या गडद करीत जाई, आणि त्या कोरेपणालाच हळूहळू वजन येई. मध्येच, प्रमाण तपासण्याच्या चित्रकारांच्या जुन्या रीतीप्रमाणे, तिने वही उलटी धरली, आणि छपरांच्या उतरणी खरोखरच पाण्यासारख्या कोसळू लागल्या. माझ्याकडे पाहून ती हसली व म्हणाली, “सात फ्रँक!”

सात फ्रँक. मार्केसास बेटांवरील अंमलदारांशी भांडणाऱ्या गोगँला बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची कैद व 500 फ्रँक दंड झाला होता. शिक्षा भोगण्यापूर्वीच, 8 मे 1903 रोजी, तो वारला. मग चीजवस्तूंची मोजदाद झाली, आणि सप्टेंबरात ताहितीतील पापीते येथे झालेल्या लिलावात व्हिक्टर सेगालेन या तरुण आरमारी डॉक्टरने हे चित्र विकत घेतले. पाचशेचा दंड फर्मावणाऱ्या दरबारी चित्राची किंमत सात! पुकारणाऱ्याचा मला राग येत नाही. ज्या बंदरात बर्फ कधी पडतच नाही, तिथे पांढरा उतार पाहून त्याला पाणी आठवले, यात त्याच्या दृष्टीचा दोष तो काय? (उलट्या मनोऱ्याची वाट त्याने कशी लावली असेल, ते तोच जाणे.) राग येतो तो दंडाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या दप्तराचा.

सेगालेनची समजूत अशी की, मरणापूर्वी त्या उष्ण बेटावर बसून गोगँने रंगवलेले हे अखेरचे चित्र. अभ्यासक ते 1894 च्या सुमाराचे, ब्रिटनीतील वास्तव्याशी निगडित मानतात. सेगालेनची कथा अधिक रम्य खरी. पण 1895 साली फ्रान्स कायमचा सोडताना माणसाने सामानात हे खेडे बांधून घेतले असेल, हे मला त्याहून अधिक पटते.