पिंपातली धुरी: समजुती आणि वस्तुस्थिती

खोपोली, साजगाव, रसायनी हा सगळा कारखान्यांचा पट्टा. त्यामुळे २०० लिटरच्या पत्र्याच्या पिंपांना इथे तोटा नाही. दुसरीकडे कर्जत-खालापुरात फार्महाऊसं वाढली आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कोंबडी धुरावर शिजवायची हौसही. तळाशी तीन-चार भोकं, आत कोळशाची जाळीदार टोपली, वर दोनेक फुटांवर मांसाची जाळी आणि धुराला वाट ठेवलेलं झाकण, एवढं जमलं की पिंपाचा स्मोकर तयार. कृती सोपी आहे आणि बरोबरही आहे. घोटाळा आहे तो तिच्याभोवती जमलेल्या समजुतींत.

‘रिकामंच तर आहे, कापायला काय हरकत?’ ही त्यातली सगळ्यात घातक. काठोकाठ भरलेल्या पिंपात हवेला जागाच नसते. रिकाम्यात तळाशी वाटीभर थिनर राहिलं तरी त्याची वाफ आणि हवा मिळून पेटणारं मिश्रण बनतं. वर बूच घट्ट असतं. ग्राइंडरची एक ठिणगी पडली, की पिंप बॉम्बसारखं फुटतं. वेल्डिंग आणि गॅस कटरच्या कामात असे अपघात जगभर झाले आहेत, आजही होतात. म्हणून ज्यात काय होतं ते माहीत नाही, असं पिंप कापायचंच नाही. त्यापेक्षा सुटं झाकण आणि कड्याची पट्टी असलेलं पिंप शोधा. ते कापावंच लागत नाही. ड्रिलने भोकं पाडण्याआधी मात्र झाकण उघडून आतून नीट धुऊन घ्या.

दुसरी समजूत तितकीच पक्की: ‘आत एकदा लाकडं पेटवून जाळून काढलं की पिंप शुद्ध.’ आगीने रंग जातो, आतला अस्तराचा लेपही जातो. लेप जाताना घाणेरडा धूर सुटतो, म्हणून ते काम वस्तीपासून लांब, उघड्यावर करायचं. मग तारेच्या ब्रशने घासून, खाण्याचं तेल चोळून, मांस न ठेवता एकदा कोळशावर तापवायचं. हे सगळं ठीक. पण कीटकनाशकाचं किंवा एखाद्या रसायनाचं पिंप अशाने खाण्याच्या लायकीचं होत नाही. शिवाय घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपं २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरतात. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जायला हवीत. ‘वास येत नाही’ ही काही परीक्षा नव्हे. खाद्यतेलाचं किंवा आंब्याच्या रसाचं पिंप मिळालं तर उत्तम. रस आत पिशवीत भरलेला असतो, त्यामुळे पत्रा बहुधा स्वच्छ राहतो.

कोळशाच्या टोपलीला मात्र जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि धगधगता कोळसा त्याच्या पुष्कळ पुढे जातो. तापलेल्या जस्ताच्या धुराने वेल्डरांना ताप भरतो.

आता धूर. जितका दाट, तितकी चव, असं वाटतं खरं. उलट आहे. पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा त्याला हवा कमी पडते आहे. त्याने मांस कडवट होतं. जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा. आंब्याची किंवा जांभळाची वाळलेली दोन-तीन ढलपी पुरतात. कण्हेर विषारी, ती जवळपासही नको. रंग दिलेली फळकुटं आणि प्लायवूडही नको.

कोळसा जास्त घातला की आच वाढते, हेही अर्धंच खरं. आच हवेवर चालते. टोपली भरून ठेवा, पण पेटवा वरचे मूठभर निखारे. मग तळाची भोकं कमी-जास्त उघडून ११० ते १३० अंश धरता येतात. सारखं झाकण उघडून बघणाऱ्याला हे साधत नाही. उघडलं की आतली ऊब जाते, हवा आत शिरते आणि थोड्या वेळाने आच भलतीच चढते. मोठा तुकडा असेल तर आतलं तापमान ६५-७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडून बसतं. विस्तव विझला नाही, मांसातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, एवढंच. इथे घाबरून कोळसा ओतणारे वरून करपवतात.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नये. धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याशी जुळले की शिजलेली कोंबडीही कडेला गुलाबी दिसते. आत सुई-थर्मामीटर खुपसा. ७४ अंश दिसले की झालं.

‘आपली पोपटी म्हणजे हेच की!’ असं रायगडकर अभिमानाने म्हणतो. नव्हे. पोपटीत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात ठासतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाणी घालत नाहीत. जिन्नस आपल्याच ओलाव्यात वाफेवर शिजतात. तिचा खास वास मुख्यतः भांबुर्ड्याचा. मला विचाराल तर थंडीत पोपटीच सरस, पण तो वाद वेगळा.

‘धुरी दिलेलं मांस टिकतं’ हा गैरसमज पोटावर बेततो. कार्तिकी एकादशीला साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू होते, तिथला सुक्या मासळीचा बाजार प्रसिद्ध आहे. तो सुका बोंबील टिकतो, कारण उन्हाने त्यातलं पाणी काढलेलं असतं. पिंपातली कोंबडी रसाळ असते. म्हणूनच ती चवीची, आणि म्हणूनच नाशवंत. दोन तासांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

शेवटची गोष्ट पावसाळ्याची. घाटाखालचा पाऊस सुरू झाला की पिंप पडवीत किंवा शेडमध्ये ओढण्याचा मोह होतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. दार-खिडकी उघडी ठेवली तरी भरवसा नाही. पिंप छपराखाली घेऊ नका, आणि निखारे विझून राख पूर्ण गार होईपर्यंत घरात तर मुळीच आणू नका.